शेख मास्तरांचा ‘आस्क’

शेख मास्तर दार उघडण्याआधी पायांत चपला घालत. कुणी कडी वाजवली की आधी आत हालचाल ऐकू येई, मग चपलांचा आवाज, मग कोटाच्या गुंड्या लावतानाचं खाकरणं, आणि मग कुठं दार किलकिलं होई. पहिल्यांदा मला वाटलं, माणूस टापटिपीचा असेल. पुढं शेजार मुरला तेव्हा मी एकदा हसत हसत बोलून दाखवलं.

ते म्हणाले, "काळेमास्तर, बाहेर कोण आहे ते आतल्याला माहीत नसतं. ‘चला’ म्हणाले तर अनवाणी जावं लागतं."

"तुम्हाला कोण ‘चला’ म्हणणार?"

"तेच तर माहीत नाही ना," असं म्हणून त्यांनी बोळात दोन्हीकडं पाहिलं आणि दार लावून घेतलं.

सोलापुरातल्या एकाच हायस्कुलात आम्ही दोघं होतो. मी गणित शिकवी, ते इंग्रजी. राहायलाही एकाच बोळात, समोरासमोर. दोन्ही बाजूंना विणकरांची घरं, दिवसभर मागांची खटखट चाललेली. त्या आवाजाला कंटाळून कितीतरी भाडेकरू सोडून गेले, पण शेख मास्तरांना तो आवडे. माग वाजतायत म्हणजे गाव ठीक आहे, असं ते म्हणत. एखाद्या दुपारी सगळे माग एकदम थांबले, की ते पुस्तक मिटून खिडकीशी येत.

अंगानं काटकुळे, डोक्यावर तांबडी तुर्की टोपी, आणि वैशाखातसुद्धा गळ्यापर्यंत बंद काळा कोट. रस्त्यानं भिंतीच्या कडेकडेनं चालत. तार घेऊन येणाऱ्या शिपायाला भीत, इन्स्पेक्टरसाहेबांच्या टांग्याला भीत, मस्टरवर सही करण्याआधी आपलं नाव दोनदा वाचत. आणि एक नवलाची गोष्ट म्हणजे, वर्गात दिवसभर मुलांना प्रश्न विचारणारा हा माणूस वर्गाबाहेर कुणाला काही विचारत नसे. मागत तर नसेच. बाजारात वांगी कशी दिली हेसुद्धा शेजारचं गिऱ्हाईक विचारेपर्यंत उभे राहत. तहान लागली तर माझ्या तांब्याकडं पाहत, पण ‘पाणी द्या’ असे शब्द तोंडातून येत नसत. मीच तांब्या पुढं करी.

आणि याच माणसाचा ‘आस्क’ शाळेत गाजलेला होता.

पाचवी इयत्तेत इंग्रजीचा एकच शब्द ते आठवडाभर शिकवत, तो हा. एरवी दबलेला त्यांचा आवाज त्या आठवड्यात खुले. माझा वर्ग शेजारी, मध्ये लाकडी फळ्यांची भिंत. त्यामुळं मला सगळं ऐकू येई. कुणी ‘आस्क टू हिम’ म्हणालं की फळ्यावर छडी आपटे. "टू कशाला? तो शब्द सरळ माणसाजवळ जातो. मध्ये कुणी लागत नाही. आस्क हिम!" मग ‘आस्क’ म्हणजे विचारणं आणि ‘आस्क फॉर’ म्हणजे मागणं. ‘आस्क आफ्टर’ म्हणजे खुशाली विचारणं. एकदा त्यांनी ‘ही आस्क्ड मी टू डिनर’चं मराठी विचारलं, तर एक पोरगा उठून म्हणाला, "त्याने मला जेवण मागितले." वर्ग खो खो हसला. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "बाबा रे, ज्यानं तुला जेवायला बोलावलं त्याला तू भिकारी केलंस. एका शब्दात."

विणकरांचा एक मुलगा होता, घरी तेलुगू बोलणारा. तो एकदा उठला. "सर, माग म्हणजे आस्क की माग म्हणजे लूम?"

पलीकडून मास्तरांचा आवाज आला. "सोलापुरात दोन्ही. बस खाली. पण शाबास." आणि थोड्या वेळानं, "मराठीला विचारायला एक शब्द लागतो, मागायला दुसरा. इंग्रजाचं एकावर भागतं. त्याला मागायची वेळ कमी येते म्हणून."

हे वाक्य मात्र ते एकदाच बोलले. मधल्या सुट्टीत मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "मघाशी मी जे बोललो ते बाहेर जाणार नाही ना?" सबंध आठवडा त्यांना त्या वाक्याची धास्ती होती.

या भीतीचं मूळ मला पुढं एकदा कळलं. शिक्षकांच्या खोलीत पिण्याच्या पाण्याला रांजण नव्हता. सगळ्यांच्या वतीनं मी शाळेच्या चालकांना इंग्रजीत अर्ज लिहिला आणि तपासायला शेख मास्तरांकडं दिला. त्यात मी ‘वुई डिमांड’ असं लिहिलं होतं. जोरकस वाटलं म्हणून. मास्तरांनी पहिली ओळ वाचली, उठून दार लोटलं, आणि अर्जाचे बारीक बारीक तुकडे करून कोटाच्या खिशात टाकले.

"अहो, हे काय?"

"काळेमास्तर, तुम्हाला नोकरी नको असेल, मला हवी आहे." त्यांचे ओठ पांढरे पडले होते. जरा वेळानं ते खाली बसले आणि हळू आवाजात सांगू लागले. त्यांचे वडील एका छावणीत साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होते. मास्तर तेव्हा लहान, वडिलांजवळ तिथंच राहत; बाकीचं घर गावाकडं. इंग्रजी सोल्जरांच्या तोंडून उचललेलं, तेवढंच. घरी धाकटं मूल तापानं फणफणलं होतं. मडमेसमोर जाऊन वडील म्हणाले, ‘आय वाँट गो होम.’ हात जोडून म्हणाले, पण म्हणाले ‘आय वाँट.’

"मडमेला ती मग्रुरी वाटली. साहेबानं चाबूक काढला. त्याच दिवशी सामान बंगल्याबाहेर. आम्ही घरी पोचलो तोवर मूल गेलेलं." मास्तर खिशातले तुकडे चाचपत होते. "आमच्या अब्बांना ‘मे आय’ येत नव्हतं, एवढाच गुन्हा. मी तेव्हा ठरवलं, ही भाषा अशी शिकायची की एका शब्दाचीही चूक होणार नाही. शिकलो. पण शिकल्यावर कळलं, तोंड उघडलं की चूक होण्याची शक्यता असतेच."

त्यांनी अर्ज नव्यानं लिहिला. त्यात ‘डिमांड’ नव्हता. पंधरा दिवसांत रांजण आला. त्यातलं पाणी मात्र मास्तरांनी चार दिवस घेतलं नाही.

पुढं गावात मार्शल लॉ लागला तो उन्हाळा आला. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगायला नको. चौकाचौकांत संगिनी लावलेले शिपाई, डोक्यावर पांढरी टोपी दिसली की माणूस धरलाच. आमच्या बोळातल्या लोकांनी टोप्या चुलीत घातल्या. हातात काठी घेऊन फिरायची सोय नव्हती. माग बंद पडले होते, आणि त्या शांततेत बुटांचा आवाज दोन गल्ल्यांवरून ऐकू येई. शाळेला सुट्टी होती. शेख मास्तर दिवसभर खिडकीच्या फटीशी उभे असत. मला त्यांचा एक डोळा तेवढा दिसे.

एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला पोलीस आला आणि त्यांच्या दाराची कडी वाजली. कोर्टाचा नेहमीचा दुभाषी आजारी पडला होता, आणि गावात इंग्रजी उत्तम कुणाचं म्हणून चौकशी करता कुणीतरी मास्तरांचं नाव सांगितलं होतं. मास्तर कोट घालून दारात उभे राहिले, पण उंबरा ओलांडेनात. त्यांच्या मागून फातिमाबी, त्यांच्या पत्नी, पडद्याआडून मला म्हणाल्या, "भाईसाब, तुमी इनके संगात जाव. अकेले गये तो रस्तेमेंच गिर जाइंगे."

मी निघालो. खरं सांगायचं तर मलाही जायचं नव्हतं. पण त्या बाईसमोर नाही म्हणवेना.

एका मोठ्या बंगल्यात लष्करी कोर्ट भरत असे. मला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. बाक खिडकीला लागून होता, त्यामुळं आतलं सगळं दिसत होतं. टेबलामागं एक गोरा मेजर आणि त्याच्या बाजूला आणखी दोन अंमलदार. भिंतीशी आपल्याकडचा एक पोलीस जमादार, भरगच्च मिशांचा. त्याला मी ओळखत होतो. आमची पेठ त्याच्याच हद्दीत येई. आणि मध्ये, हात दोरीनं बांधलेला, खांद्यावर घोंगडी असलेला एक माणूस. मंद्रूपकडचा धनगर होता, म्हाळाप्पा नावाचा. माझ्या शेजारी बाकावर बसलेले लोक कुजबुजत होते की आधीच्या माणसाला सक्तमजुरी झाली, आणि हा तर त्याच्याहून वाईट फसलाय.

त्याच्यावर आरोप असा, की नाक्यावरच्या शिपायाकडं त्यानं हत्यार मागितलं. जमादारानं मराठीत तसा कागद केला होता, आणि कुणीतरी त्याचं इंग्रजी केलं होतं. मेजरनं ते मोठ्यानं वाचलं. ‘ही डिमांडेड द वेपन.’ मेजर त्याचा अर्थ समजला तो सरळ होता. या माणसानं शिपायाची बंदूक मागितली.

दोन्ही कागद शेख मास्तरांपुढं सरकवून मेजर म्हणाला, "भाषांतर बरोबर आहे ना? हो म्हणा, सही करा आणि जा."

एवढंच काम होतं. मास्तरांनी मराठी कागद वाचला, इंग्रजी वाचला, पुन्हा मराठी वाचला. मी त्यांच्या पाठीकडं पाहत होतो. काळ्या कोटावर घामाचा पट्टा हळूहळू खाली उतरत होता. मी मनात म्हणालो, मास्तर, हो म्हणा. मला लाज वाटते सांगायला, पण मी तेच म्हणत होतो.

"सर," मास्तर म्हणाले. आवाज इतका बारीक की मेजरनं कान पुढं केला. "चूक नाही."

"म्हणजे बरोबर."

"बरोबरही नाही, सर."

जमादारानं मान वळवली.

"मराठीत एकच शब्द आहे, सर. राजा मागतो तेव्हा तो डिमांड. भिकारी मागतो तेव्हा तो बेग. लेकरू आईजवळ मागतं तेव्हा आस्क. कागदावर नुसतं ‘मागितलं’ आहे. कसं मागितलं ते कागदावर नाही."

"आणि वेपन?"

"सुताराची पटाशी हत्यारच असते, सर. शिपायाची बंदूकही हत्यारच."

मेजर खुर्चीत मागं टेकला. "मी तुम्हाला व्याकरण शिकवायला बोलावलेलं नाही. या माणसानं काय म्हटलं ते मला हवं आहे. ते तुम्हाला माहीत आहे?"

"नाही, सर."

"मग?"

टेबलाची कड मास्तरांनी दोन्ही हातांनी धरली आणि मला कधी ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं ते ऐकू आलं. "मे आय आस्क हिम, सर?"

वरचा पंखा ओढणारा गडी थांबला असावा, कारण झालर स्थिर झाली. मेजरनं हातानं खूण केली, विचारा.

मास्तर म्हाळाप्पाकडं वळले. "म्हाळाप्पा, भिऊ नको. शिपायाला काय म्हणालास? जसं म्हणालास तसंच सांग. एक शब्द कमी नको, एक जास्त नको."

म्हाळाप्पा आधी जमादाराकडं बघत राहिला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "म्या कुटं काय केलं जी? माजा कोयता घेतला त्यांनी. शेळ्यास्नी पाला तोडायचा कोयता. म्या म्हनलं, सायेब, पाया पडतो, माजं हत्यार द्या की. शेळ्या उपाशी हायती. लई डाव म्हनलं. मग त्यांनी बांदलं मला."

मास्तरांनी ते शब्दाशब्दानं इंग्रजीत केलं. ‘पाया पडतो’ आलं तेव्हा ते थांबले, आणि साहेबाला नीट कळावं म्हणून वाकून आपला हात स्वतःच्याच पायाला लावून दाखवला. वर उठताना त्यांची टोपी तिरपी झाली, ती त्यांनी सरळ केली नाही.

मेजरनं विचारलं, "म्हणजे पोलिसांचा कागद खोटा आहे, असं तुमचं म्हणणं?"

हा प्रश्न ऐकला आणि मी जमादाराकडं पाहिलं. लष्कर आज ना उद्या जाणार होतं. जमादार गावातच राहणार होता. आणि हे मास्तरांनाही कळत होतं.

"खोटा नाही, सर," मास्तर म्हणाले. "शब्द लहान होता, इंग्रजीत गेल्यावर मोठा झाला."

"हे लिहून द्याल? सहीनिशी?"

मास्तरांनी लिहून दिलं. हात इतका कापत होता की एका अंमलदारानं दौत धरून ठेवली. आपलं नाव त्यांनी दोनदा वाचलं आणि सही केली.

म्हाळाप्पाला ताकीद देऊन सोडलं. कोयता दिला नाही. दोरी सुटल्यावर तो मास्तरांच्या पायांशी वाकायला गेला, तर मास्तर घाबरून दोन पावलं मागं सरले. व्हरांड्यात जमादार आमच्याजवळ आला. आवाज अगदी मऊ. "मास्तर, मराठी लई चांगलं येतं की तुमाला. बगू आता."

परतताना एका लिंबाखाली मास्तर मटकन खाली बसले आणि त्यांना उलटी झाली. मी पाठीवर हात फिरवत राहिलो. ते वर बघून म्हणाले, "काळेमास्तर, हे काय करून बसलो हो मी? घरात पोरगी आहे माझ्या."

मला वाटलं होतं, असं काही करून गेलेल्या माणसाची भीती जाते. तसं होत नाही. त्यांची भीती दुप्पट झाली. जमादारानं काही केलं नाही. तो फक्त रोज संध्याकाळी पाचला आमच्या बोळात येई, मास्तरांच्या दारासमोर उभं राहून विडी ओढी आणि निघून जाई. एवढ्यानं फातिमाबींनी मुलीला नळावर पाठवणं बंद केलं. पाणी आमच्या घरातून जाऊ लागलं. मास्तर खिडकीपासूनसुद्धा दूर झाले.

शाळा उघडली तेव्हा चालकांनी शिक्षकांची बैठक घेतली. शेख मास्तरांचं इंग्रजी उत्तमच आहे, पण दिवस बरे नाहीत, त्यांनी काही काळ रजेवर जावं, असं ठरलं. कुणाला काही बोलायचंय का, असं विचारलं गेलं. कुणी बोललं नाही. मीही बोललो नाही. खोलीच्या कोपऱ्यात बसलेले मास्तर माझ्याकडं पाहत होते की नाही, ते मला सांगता येणार नाही, कारण मी मान वर केली नाही. रजा संपली नाही ती नाहीच. महिनाभरात ते बिऱ्हाड घेऊन दुधनीला, मेव्हण्याकडं निघून गेले. मेव्हण्याचा शेंगांचा व्यापार होता.

दिवाळीच्या आधी म्हाळाप्पा त्यांना शोधत आमच्या बोळात आला. समोर कुलूप बघून माझ्याकडं वळला. काखेत नवी घोंगडी. "त्या मास्तरास्नी द्या की. घरच्या लोकरीची हाय." मग उंबऱ्यापाशी घुटमळत म्हणाला, "त्यास्नी काय तरास झाला का जी माज्यापायी?"

"नाही," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो?

ती घोंगडी घेऊन मी दुधनीला गेलो तो बाजाराचा दिवस होता. मेव्हण्याच्या दुकानाच्या ओट्यावर मास्तर बसलेले दिसले. केस पिकले होते. मला पाहून त्यांचा चेहरा फुलला आणि लगेच उतरला. "तुम्हाला येताना कुणी पाहिलं का?" पहिलं वाक्य हेच. घोंगडी हातात दिली, कुणाची ते सांगितलं, तेव्हा त्यांनी ती मांडीवर घेतली आणि बराच वेळ नुसता हात फिरवत राहिले.

बैठकीचं मला बोलायचं होतं. दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा त्यांनी फातिमाबींना आतून चहा आणायला सांगितलं आणि विषय बदलला. त्यांनी मला त्यातून सोडवलं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

आम्ही बोलत असतानाच ओट्यापुढं माणसं जमू लागली. कुणाच्या हातात नोटीस, कुणाच्या हातात तलाठ्याचा कागद, कुणाला शाळेचा अर्ज लिहून हवा. एक कानडी म्हातारी कागद पुढं करून म्हणाली, "ओदि हेळ्री, मास्तर." वाचून सांगा. मास्तरांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. ओळ सरकारी भाषेत, मग तिचा अर्थ कानडी-मराठीच्या मिसळीत.

एवढ्यात बाजारातून एक पोलीस आला आणि ओट्याच्या खांबाला टेकून ऐकत उभा राहिला. मास्तरांनी त्याला पाहिलं. कागद हातात फडफडू लागला. त्यांनी तो गुडघ्यावर ठेवला आणि ओळीखाली बोट धरलं, तर बोटही स्थिर राहीना. म्हातारी वर बघत होती. मला वाटलं, आता कागद मिटतील.

त्यांनी बोट ओळीच्या सुरुवातीला परत नेलं आणि पहिल्यापासून वाचू लागले.

माझ्या गाडीची वेळ झाली होती. कोपऱ्यावरून मी मागं वळून पाहिलं. पोलीस अजून खांबाशीच होता, म्हातारी निघाली होती, आणि शेख मास्तरांनी थरथरता हात पुढच्या माणसाच्या कागदासाठी पुढं केला होता.